भाच्याच्या दीक्षाविधीला भेट काय द्यावी? (आणि त्यानंतर?)

पलासियावाली_मावशी | ४ मे, रात्री १०:४०

सलाम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

माझ्या बहिणीचा मुलगा पाळक (चर्चचा पास्टर) होतोय. बहीण लग्न होऊन छिंदवाड्याकडे गेली, सासर लुथरन, म्हणून मुलगाही लुथरन. चेन्नईच्या गुरुकुल कॉलेजात बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) केलं. या महिनाअखेरीस दीक्षाविधी आणि लगेच सातपुड्यातल्या एका लहान मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, नेमणूक. मुख्य गावात देऊळ (म्हणजे चर्च), शिवाय तीन खेडी. वय सत्तावीस. गेल्या वर्षी लग्न झालं, सूनबाई नर्स आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. भेट काय द्यायची? बायबलं चार जमली आहेत. लाल स्टोल (पाळकाच्या गळ्यातला पट्टा) ताईच्या जावेनं विणून घेतला. झगा शिवून झाला, तोही टेरिकॉटचा, मे महिन्यात! वर कॉलर. देव त्याचं भलं करो.

दुसरा प्रश्न मला नीट मांडता येत नाहीये. फोनवर तो सगळं "मस्त" आहे असं सांगतो. परवा मात्र म्हणाला, "मावशी, चार वर्षं इंग्रजीत शिकलो. आता हिंदीत उपदेश करायचा. जस्टिफिकेशनला 'धर्मी ठहराया जाना' म्हणतात हे मला माहीत आहे. पण पुढच्या बाकावरच्या आजीला धर्मी म्हणजे सोमवारी उपास करणारा वाटतो. आणि त्या आजी घरी गोंडी बोलतात." मग हसला. ते हसू मला आवडलं नाही.

नवीन पाळकाला पहिल्या नेमणुकीत खरा आधार कशाचा होतो? मंडळीतले, पाळकांच्या घरातले, इतर धर्मांतले, सगळ्यांनी लिहा.

---

जुनं_इंदूर | ४ मे, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो.

एक अडाणी प्रश्न. व्हाइट चर्च चौराह्यावरून तीस वर्षं रोज जातोय, पण मला सगळे ख्रिश्चन एकच वाटायचे. लुथरन वेगळे का? राग मानू नका.

---

निवृत्त_झगा | ५ मे, सकाळी ६:१५

मी लुथरन पाळक होतो, सध्या मुलाकडे बडोद्यात असतो. पहाटे जाग येते, म्हणून ही वेळ.

जुनं_इंदूर, राग कसला? जर्मनीत विटेनबर्गला १५१७ मध्ये मार्टिन लुथरनं ९५ मुद्दे मांडले, त्याच्या परंपरेतले आम्ही. भारतात ही परंपरा फार जुनी आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला ९ जुलै १७०६ रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्लुटशाऊ उतरले. तिथंच १७३३ मध्ये आरोन नावाच्या तमिळ माणसाला दीक्षा मिळाली, तो पहिला भारतीय प्रॉटेस्टंट पाळक. सातपुड्याच्या भागात स्वीडिश मिशनरी १८७७ साली आले. गंमत म्हणजे त्याच साली तुमच्या इंदुरात कॅनडाचे प्रेस्बिटेरियन आले. १८८७ चं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात लुथरन नव्हते. म्हणून पाटी वेगळी. चुलतभाऊ म्हणा.

मावशी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहायचंय. आंघोळ करून येतो.

---

रोखठोक | ५ मे, सकाळी ९:३०

एवढं काय त्यात? पाकिटात पैसे घाला. लहान मंडळीतला पाळक म्हणजे पगार कधी, किती, याचा पत्ता नसतो. स्टोल विकून दूध येत नाही.

---

पाळकीण_३१_वर्षे | ५ मे, दुपारी २:२०

रोखठोक, अर्धं बरोबर आहे तुमचं. उरलेलं अर्धं मी सांगते.

आमची पहिली मंडळी महाराष्ट्रातली. पंथ, गाव काही सांगत नाही. लग्नाला चार महिने झाले होते. जुना मिशनचा बंगला, छत उंच, कौलं फुटकी. पहिल्या रात्री पाऊस आला आणि आम्ही दोघं पलंग खोलीभर सरकवत होतो. सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरात तीन बायका! मागचं दार लोटून आल्या होत्या. एक माझे डबे उघडून बघत होती. वाईट नव्हत्या हो त्या, आधीच्या पाळकबाईंच्या वेळी तशीच रीत होती. पण मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले.

पुढच्या रविवारी जाहीर झालं की पाळकबाई रविवारची शाळा घेतील, महिला मंडळ बघतील आणि पेटी वाजवतील. मला पेटी येत नाही. अजूनही येत नाही.

तर मावशी, पहिलं म्हणजे सूनबाईचं बघा. ती नर्स आहे, तिला स्वतःचं काम आहे, पाळकाची बायको म्हणजे मंडळीला फुकट मिळालेला दुसरा पाळक नव्हे. हे मंडळीच्या पंचांना सांगायचं तर नेमणुकीआधी, कुणीतरी वडीलधाऱ्यानं, गोडीनं. नंतर सांगितलं की तक्रार होते.

दुसरं, गॅसचं कनेक्शन. हसू नका. आमचं सिलिंडर बदलून यायला दोन महिने गेले, तोवर स्टोव्हवर. आणि त्यात रोज कुणी ना कुणी चहाला. भेट द्यायचीच तर जाऊन दोन दिवस राहा, गॅस, वीजबिलाचं नाव, पाण्याची टाकी एवढं लावून द्या आणि परत या. परत या हे महत्त्वाचं.

---

जुनं_इंदूर | ५ मे, दुपारी ३:००

"परत या हे महत्त्वाचं" याला +१००. हे सगळ्याच मावश्यांना लागू.

---

निवृत्त_झगा | ५ मे, संध्याकाळी ५:५०

आंघोळ लांबली, माफ करा.

पाळकीणबाईंनी घर सांगितलं, मी देऊळ सांगतो.

पहिलं वर्ष बाक हलवू नये. मी हलवला. माझ्या पहिल्या मंडळीत डावीकडचा दुसरा बाक खांबाआड होता, तिथून काही दिसायचं नाही. मी उत्साहानं तो पुढे घेतला. पुढच्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ आलेच नाहीत. त्यांची बायको वारल्यापासून ते त्या खांबाला टेकून बसायचे. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, बाक परत मागे नेला. ते आले. पण मला दोन वर्षं "बाकवाले पाळक" म्हणत.

अर्पणाच्या पैशाला एकट्यानं हात लावू नये. उपासना संपली की तिथंच दोघांनी मोजायचं, दोघांनी वहीत सही करायची, पाळकानं फक्त बघायचं. खजिनदार सख्खा मामा असला तरी. नवीन पोरगा संकोचानं म्हणतो, "असू द्या, मी घरी मोजतो." तिथं घोटाळा सुरू होतो, पैसे न खाताही.

आता मुख्य मुद्दा. पाळकाचा पाळक कोण? आमच्याकडे १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकारात (लुथरन श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) कलम १४ आहे. रीतसर बोलावणं असल्याशिवाय कुणी मंडळीत शिकवू नये की प्रभुभोजन देऊ नये. म्हणजे भाचा स्वतःहून गेलेला नाही, त्याला पाठवलंय. वाईट दिवशी या कलमाचा फार आधार होतो. पण ज्यांनी बोलावलं त्यांच्यासमोर "मला जमत नाहीये" असं म्हणता येत नाही ना! लुथरनं १५३७ च्या श्मालकाल्ड लेखांत शुभवर्तमान कुठकुठल्या मार्गांनी आपल्यापर्यंत येतं ते सांगितलंय. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापक्षमा, आणि शेवटी भावाभावांतला संवाद आणि एकमेकांचं सांत्वन. गप्पांना त्यानं त्या पंगतीत बसवलं. स्वतः लुथर पापकबुलीला बुगेनहागेनकडे जायचा, तो विटेनबर्गच्या मंडळीचा पाळक. म्हणजे लुथरलाही लुथर पुरला नाही.

तेव्हा भाच्याला एक असा माणूस हवा जो त्याच्या मंडळीतला नाही, वरिष्ठ म्हणून त्याची बदली करू शकत नाही आणि नातेवाईकही नाही. (मावशी, तुम्ही बाद.) ठरलेला वार, ठरलेली वेळ. सोमवार उत्तम. रविवारचा उपदेश पडला की सोमवारी सकाळी पाळकाला वाटतं आपण किराणा दुकान टाकायला हवं होतं.

---

पलासियावाली_मावशी | ५ मे, रात्री ९:१०

मी बाद! बरं बाई.

झगाजी, खांबाला टेकणारे आजोबा वाचून गळा दाटला. पाळकीणताई, सूनबाईला तुमचा प्रतिसाद पाठवला. तिनं फक्त "पेटी मलाही येत नाही" एवढंच लिहिलं.

---

हिमांकाखाली | ६ मे, सकाळी ८:०० (तुमच्याकडे)

मूळचे सुदामा नगरचे, आता वीस वर्षं मिनियापोलिसला. आमची मुलगी इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकामध्ये पास्टर आहे. (हो, मुलगी. त्यांच्या पूर्वीच्या मंडळ्यांनी १९७० पासून बायकांना दीक्षा दिली. तिथलंच दुसरं मोठं लुथरन चर्च, मिसुरी सिनड, अजून देत नाही.) इथली पद्धत सांगतो, तुम्हाला उपयोग असेल ते घ्या.

शिक्षणातच हॉस्पिटलमध्ये रुग्णांसोबतचं प्रशिक्षण असतं, एक युनिट म्हणजे किमान ४०० तास. रात्री अपघात विभागात बसायचं आणि सकाळी गटासमोर सांगायचं की आपण काय बोललो, का बोललो. शिवाय एक वर्षाची इंटर्नशिप. मग मंडळी मतदान करते, दोनतृतीयांश मतं पडली तरच बोलावणं. पत्रात पगार, घर, सुट्टी सगळं लेखी. मिसुरीवाल्यांत तर नेमणूक सेमिनरीतल्या समारंभात जाहीर होते, उमेदवाराला गाव तिथंच कळतं, शेजारी बायको नकाशा उघडून बसलेली.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. पहिली तीन वर्षं नवखे मानून त्यांचं शिक्षण चालू ठेवतात. एका भागातले नवे पास्टर ठरावीक काळानं एकत्र येतात, दोन-तीन दिवस राहतात. मिसुरीवाले बायकांनाही बोलावतात. मुलगी म्हणते, व्याख्यानं विसरले, रात्री जेवणानंतर कुणीतरी "माझ्या मंडळीत काय झालं माहितेय?" म्हणून सुरुवात करायचं, ते लक्षात राहिलं.

तिची पहिली नेमणूक उत्तरेकडच्या माळरानात, दोन मंडळ्या मिळून एक पास्टर. ती घरात शिरली तर फ्रीझर भरलेला. काचेच्या भांड्यांतून भाजलेले बटाटे, मांस, भात, प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव. आम्हाला वाटलं किती प्रेमळ लोक! आहेतच. पण एका म्हाताऱ्या बाईनं तिला कानात सांगितलं, "भांडी परत द्यायला तुला प्रत्येकीच्या घरी जावं लागेल. म्हणून नावं घातली." सहा आठवड्यांत तिनं सगळी घरं बघितली.

---

पाळकीण_३१_वर्षे | ६ मे, सकाळी १०:१५

वा! डबे उघडून बघणाऱ्या आणि डबे भरून देणाऱ्या. एवढाच फरक.

---

रात्रपाळी | ६ मे, रात्री ११:५०

डॉक्टर आहे, हिंदू आहे, देवाधर्माचं फारसं काही नाही. पण हा धागा वाचून नवीन रेसिडेंट आठवले.

आमच्याकडे नवा मुलगा टिकेल की नाही हे त्याच्या मार्कांवरून कळत नाही. रात्री तीनला त्याला सिनियरला फोन करायची लाज वाटते का, त्यावरून कळतं. लाज वाटली की तो एकटा निर्णय घेतो, चुकतो, लपवतो. आणि सिनियरनं पहिल्या फोनला "एवढंही येत नाही?" म्हटलं की दुसरा फोन येत नाही. झगाजींना विनंती, पहिला फोन आला की फक्त ऐका.

आणखी एक. मृत्यू बघून आल्यावर आम्ही निदान चहा पितो. पाळक दफनविधी आटोपून थेट बाप्तिस्म्याच्या जेवणाला जातो असं माझे एक पेशंट सांगत होते. मध्ये अर्धा तास ठेवायला सांगा त्याला. नुसतं बसायला.

---

रोखठोक | ७ मे, सकाळी ९:००

सगळं छान छान चाललंय. पण मला एक सांगा, तुम्ही सगळे त्याला आधार देणार, आणि मंडळीच भांडखोर निघाली तर? दोन गट असतात प्रत्येक ठिकाणी. जमिनीचा वाद असतो. मिशनच्या जागेचा वाद नाही अशी मंडळी दाखवा.

---

निवृत्त_झगा | ७ मे, दुपारी १२:३०

दाखवता येणार नाही.

म्हणून पहिल्या वर्षी कुणाच्याच घरी एकट्यानं तिसऱ्यांदा जेवू नये. दोनदा पाहुणचार, तिसऱ्यांदा गट. पहिल्या भेटींचा क्रम घराच्या क्रमानं ठेवावा, गल्लीच्या टोकापासून, म्हणजे "आधी त्यांच्याकडे गेला" म्हणायला जागा राहत नाही. आजारी माणसाचं घर मात्र क्रम मोडून. वहीत तारीख लिहावी. आणि जागेच्या कागदांवर, दाव्यांवर पहिल्याच वर्षी सही करू नये, कुणी कितीही "पाळकसाहेब, फक्त इथं" म्हटलं तरी. वरच्या कार्यालयाला लेखी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत बायबल वाचावं. उत्तर यायला इतका वेळ लागतो की जुना करारही पुरा होतो.

बाकी लोक ऐकत नाहीत याचा राग सगळ्यांनाच येतो. १५३० च्या सुरुवातीला खुद्द लुथर विटेनबर्गकरांवर इतका वैतागला की काही काळ त्यांना उपदेश करायचंच थांबवलं. भाच्याला हे सांगा. फक्त अनुकरण करू नको म्हणावं, तो लुथर होता, त्याची बदली होत नव्हती.

---

जुनं_इंदूर | ७ मे, दुपारी १:१०

अवांतर: मावशी, तुम्ही "सलाम मंडळी" लिहिलंत. नगरकडच्या का?

---

पलासियावाली_मावशी | ७ मे, रात्री ८:३०

पकडलंत! आजोबा अहमदनगरचे, नोकरीनिमित्त इंदुरात आले. आता नगरचं अहिल्यानगर झालं, म्हणजे आम्ही दोन्हीकडून अहिल्याबाईंचेच.

तर ठरलं. पाकीट देणार (रोखठोक, खूश?). स्कूटरचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत, तीन खेड्यांच्या घाटरस्त्यावर तसंच फिरणार होता, ते बदलून देणार. आणि पंचव्हॅली एक्सप्रेसनं जाऊन, गॅस लावून, तिसऱ्या दिवशी परत येणार. झगाजींचा नंबर व्यक्तिगत निरोपातून घेतलाय. सोमवार, सकाळी साडेसात.

---

पलासियावाली_मावशी | १४ सप्टेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. अनेकांनी निरोपातून विचारलं म्हणून.

दीक्षाविधी छान झाला. झग्यात घामानं चिंब. मी तिसऱ्या दिवशी परत आले, नोंद घ्यावी.

जुलैत पहिला दफनविधी. पाऊस, चिखल, खड्ड्यात पाणी. रात्रभर जागून हिंदीत लिहून काढलेलं, कागद ओला झाला, आणि त्यानं वारलेल्या माणसाच्या जागी त्याच्या भावाचं नाव घेतलं. दोनदा. भाऊ समोरच छत्री धरून उभा! कुणीतरी खोकलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्या रात्री त्यानं मला फोन केला नाही. ताईलाही नाही. मला हे सगळं तीन आठवड्यांनी सूनबाईकडून कळलं.

सोमवारी साडेसातला फोन झाला होता, एवढं मात्र मला माहीत आहे. काय बोलणं झालं ते झगाजी सांगत नाहीत. मी दोनदा विचारून बघितलं.

---

निवृत्त_झगा | १५ सप्टेंबर, सकाळी ६:०५

तिसऱ्यांदाही सांगणार नाही. तुम्ही बाद आहात, आधीच ठरलंय.

एवढं सांगतो की नंतर तो त्या भावाच्या घरी गेला. मी जा म्हटलं नव्हतं.

---

पलासियावाली_मावशी | १५ सप्टेंबर, दुपारी ४:००

हो, ते मलाही कळलं. भाऊ म्हणाले म्हणे, "साहेब, चाळीस वर्षं लोक आमच्या नावांत गल्लत करतात, आज निदान दोघांसाठी प्रार्थना झाली."

सूनबाईला जवळच्या आरोग्य केंद्रात काम मिळालं. रविवारची शाळा गावातल्याच एक मास्तरीणबाई घेतात. पेटी कुणीच वाजवत नाही, टाळ्यांवर चालतं. ग्रुपवर रात्री अकरानंतर येणाऱ्या निरोपांना उत्तर द्यायचं त्यानं बंद केलं. त्यावरून एक पंच रुसलेत, ते अजून रुसलेलेच आहेत.

आणि आता खरा प्रश्न, ज्यासाठी धागा वर काढला. कापणीच्या उपासनेला लोकांनी कणसं अर्पण केली. लिलावात काही गेली, उरलेल्यातलं एक पोतं आजींनी घरी आणून टाकलं, त्याच त्या पुढच्या बाकावरच्या. छिंदवाड्याकडचा मका, मोठाले दाणे. दोघांनी उकडून, भाजून खाऊन पाहिलं, पोतं काही कमी होत नाही. आता भुट्ट्याचा कीस करून आजींना आणि शेजाऱ्यांना द्यायचाय. माझ्या हातचा अंदाजाचा, तो काही फोनवर सांगता येईना. कणसं आठ धरली तर दूध किती?

---

जुनं_इंदूर | १५ सप्टेंबर, दुपारी ४:२०

अखेर माझ्या लायकीचा प्रश्न! आठ कणसांना दीड कप, पण एकदम ओतू नका. आधी तुपात हिंग, मोहरी, हिरवी मिरची, मग कीस घालून कच्चा वास जाईपर्यंत परता, हात दुखला पाहिजे. मग थोडं थोडं दूध. साखर चिमूटभर, लिंबू शेवटी. आणि भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहायला सांगा.